वाचकांचे प्रश्न : नव्या घरात पाण्याची लाईन कोणत्या पाईपाची टाकू?

प्रश्न : ताई नमस्कार. बेसा साइडला आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, त्यावर घर बांधून राहिलो. सध्या फक्त खालचा मजला, दोन बेडरूम, किचन, दोन संडास-बाथरूम, वरचा मजला पोरगी नोकरीला लागली की पाहू. स्लॅब पडला, विटांचं काम झालं, आता प्लंबर रोज विचारते पाईप कोणता आणू. तो म्हणते सगळीकडे सीपीव्हीसी टाका, साळा म्हणते काही गरज नाही, पांढऱ्या पाईपात होऊन जाते, आणि बाबा म्हणून राहिले की आमच्या वेळचा लोखंडी जीआयच खरा, प्लास्टिकचा काय भरोसा. लोनचा पैसा संपत आला जी, टाइल्स-खिडक्या सगळं बाकी आहे. प्लॉटवर बोअर आहे, नळाचं कनेक्शन पुढे येईल, सध्या पिण्याचं पाणी टँकरचं. कुठे पैसे वाचवू आणि कुठे नको ते सांगा.
(एक वाचक, बेसा, नागपूर)

उत्तर : भाऊ, पहिले घराचा नकाशा घेऊन बसा. जिथे जिथे पाईप भिंतीत नाहीतर फरशीखाली गाडला जाणार तिथे लाल पेनाने रेघ मारा, जिथे उघडा राहणार तिथे निळी. लाल रेघेवर काटकसर करायची नाही, जे काय वाचवायचं ते निळीवर. उघडा पाईप फुटला तर एक तुकडा, दोन सॉकेट आणि प्लंबरची मजुरी, तेवढंच. पण भिंतीतला फुटला की टाइल फोडा, पाच वर्षांनी तीच टाइल बाजारात भेटत नाही, बेडरूमच्या भिंतीला ओल चढते, पेंट फुगतो, आणि लीकेज नेमकं कुठे आहे हे शोधण्यातच अर्धी भिंत जाते. माझ्या स्वतःच्या घरात गिझरच्या स्टँडसाठी ड्रिल मारताना गरम पाण्याची लाईन फुटली होती, कारण पाईपासाठी भिंतीत पाडलेली झिरी बुजवायच्या आधी कोणी एक फोटो काढून ठेवला नव्हता. म्हणून सांगते, प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, बाजूला टेप धरून, आणि ते फोटो घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. याला एक पैसा लागत नाही.

आता पाईप. तुमचा साळा म्हणते तो पांढरा म्हणजे यूपीव्हीसी, प्लंबरचा क्रीम कलरचा म्हणजे सीपीव्हीसी. दोन्ही एकाच घराण्यातले, फरक क्लोरीनचा आहे, साध्या पीव्हीसीत क्लोरीन साधारण ५७ टक्के असतं आणि सीपीव्हीसीत ते वाढवून ६३ टक्क्यांच्या वर नेलेलं असतं, त्याच्यानेच तो उष्णता सहन करतो. सीपीव्हीसी ९३ अंशापर्यंतच्या पाण्याला चालतो. यूपीव्हीसीची हद्द ६० अंश, आणि तिथे पोचेपर्यंत त्याची ताकद पार उतरलेली असते. २३ अंशावर जेवढं प्रेशर तो झेलतो त्याच्या साधारण निम्मंच ४३ अंशावर झेलतो, आणि ६० वर जेमतेम पाचवा हिस्सा. पुण्यातल्या माणसाला हा आकडा कागदावरचा वाटेल, आपल्याला नाही. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत पारा गेलेला आहे, आणि तो सावलीतला आकडा, गच्चीवर उन्हात पडलेला पाईप त्याच्याहून कितीतरी जास्त तापतो. मे महिन्यात दुपारी थंड्या नळाखाली हात धरून पाहा, मग कळते.

तर बाथरूम आणि किचनच्या भिंतीत जे जाईल ते सगळं सीपीव्हीसी, गरम आणि थंड दोन्ही लाईन. इथे खूप लोक गरमला क्रीम आणि थंड्याला पांढरा असं करून पैसे वाचवतात, मला ते पटत नाही. मिक्सर नाहीतर डायव्हर्टर, म्हणजे गरम-थंड एकत्र करणारा नळ, आला की दोन्ही लाईन तिथे एकमेकींना भेटतात, आतला वॉल्व्ह थोडा जरी खराब झाला तर गिझरचं पाणी उलटं थंड्या लाईनमध्ये शिरते. आणि दोन बाथरूमच्या भिंतीतली थंडी लाईन मोजली तर असते किती, चाळीस-पन्नास फूट. तेवढ्यासाठी भिंतीत दोन प्रकारचे पाईप, ते चिकटवायचं दोन प्रकारचं सोल्युशन, आणि प्लंबरचा पोरगा चुकून पांढऱ्याचं सोल्युशन क्रीमला लावून मोकळा. नको.

सीपीव्हीसीत दुकानदार तुम्हाला विचारेल, एसडीआर ११ देऊ की साडेतेरा. एसडीआर म्हणजे पाईपाचा बाहेरचा व्यास भागिले त्याच्या भिंतीची जाडी, म्हणजे आकडा लहान तेवढा पाईप जाड. एक इंची पाईप बाहेरून २८.६ मिलिमीटर असतो, ११ मध्ये त्याची भिंत २.६ मिलिमीटरची, साडेतेरामध्ये २.१ ची. ८२ अंशाच्या पाण्यावर ११ वाला साधारण ७ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर घेतो, साडेतेरावाला साडेपाच. आता तुमच्या घरात प्रेशर आहे किती ते पाहू, कारण खरी गंमत इथे आहे.

टाकीच्या पाण्याची उंची १० फूट असेल तर नळाला साधारण ०.३ किलो प्रेशर मिळते. तुमचा स्लॅब समजा साडेदहा फुटावर, टाकी त्याच्यावर ४ फुटाच्या स्टँडवर, आणि शॉवर ७ फुटावर. म्हणजे शॉवरला उंची मिळाली साडेसात फूट, प्रेशर पाव किलोही नाही. पाईप झेलू शकतो त्याच्या कितीतरी खाली. तर जाडीच्या मागे लागून घरभर सर्वांत महाग पाईप घेणं म्हणजे नसलेल्या प्रेशरसाठी पैसे देणं. भिंतीतल्या गरम लाईनला ११ घ्या, कारण तिथे उष्णता आहे आणि उद्या प्रेशर पंप बसवला तर तोही आहे, थंड्या लाईनला साडेतेरा पुरतो.

जे पैसे वाचले ते पाईपाच्या साइजमध्ये टाका. प्रेशर कमी असलं की सगळा खेळ साइजचा. एक इंची पाईपाच्या आत अर्धा इंचीच्या तीन-साडेतीन पट जागा असते, आणि पाणी भिंतीला घासत जाते ते नुकसान तर त्याहून कितीतरी पटीने कमी होते. आपल्याकडे काय करतात, टाकीतून एक इंची काढतात आणि बाथरूमपर्यंत येता येता सगळं अर्धा इंची करून टाकतात, मग शॉवर टपकत राहते आणि मालक प्रेशर पंपाला दहा-बारा हजार घालतो. तुम्ही टाकीतून सव्वा इंची खाली आणा, आडवी लाईन एक इंची, बाथरूममध्ये शिरताना पाऊण इंची, आणि फक्त शेवटचा तुकडा, नळाजवळचा, अर्धा इंची. टाकीचा स्टँड ४ फुटाचा नक्की करा, लोखंडी अँगलचा चालेल. टाकीच्या वॉल्व्हच्या पुढे एक पाईप उभा वर काढून त्याचं तोंड टाकीच्या वर मोकळं सोडायला सांगा, हवेसाठी, नाहीतर टाकी रिकामी होऊन भरली की लाईनमध्ये हवा अडकते आणि नळ खोकत राहतात.

पोरीच्या वरच्या मजल्याचं आत्ताच डोक्यात ठेवा. वरच्या मजल्यासाठी लागणाऱ्या तीन तोंडांच्या टी आत्ताच टाकून त्यांना एंड कॅप लावून ठेवा, खर्च नगण्य आहे, पण पुढे तेवढ्यासाठी चालू लाईन कापावी लागत नाही.

आता निळी रेघ, म्हणजे साळ्याचा पांढरा पाईप. मोटरपासून टाकीपर्यंत चढणारी लाईन, टाकीतून खाली येणारी बाहेरच्या भिंतीवरची, धुणं-भांड्याच्या मोरीची, बगिच्याची, फ्लशची, हे सगळं यूपीव्हीसीत निघते, शेड्यूल ४० (हा जाडीचा दर्जा) घ्या. फक्त चार गोष्टी सांभाळा. एक, लाईन घराच्या उत्तर नाहीतर पूर्वेच्या भिंतीवरून उतरवा, पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत बसते. दोन, उन्हाने हा पाईप वरून खडूसारखा भुसभुशीत होतो आणि मग ठिसूळ, म्हणून त्याला पांढरा वॉटर बेस्ड पेंट मारा, ऑइल पेंट बिलकुल नाही, त्यातलं थिनर प्लास्टिकला खराब करते. दर दोन-तीन वर्षांनी हात मारला की झालं. तीन, शेड्यूल ४० च्या पाईपावर आटे पाडू देऊ नका, आटे पाडले की तिथली भिंत पातळ होते, आट्यासाठी ॲडॉप्टर भेटतो तो वापरा. चार, क्लॅम्प मारताना पाईप आवळून टाकू नका, उन्हाने तो लांब होतो. १० मीटरची सरळ लाईन थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दोन सेंटीमीटर सहज वाढते, तिला सरकायला जागा नसली तर ती वाकते आणि एल्बोवर जोर येतो.

बेशाला माती काळी आहे, हे मी वेगळं सांगायला नको, पायव्याच्या वेळीच तुम्हाला कळलं असेल. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, तिच्यात गाडलेला ताठ पाईप दर वर्षी थोडा वर थोडा खाली ओढला जातो आणि एक दिवस जॉइंटवर तुटतो. म्हणून बोअरपासून टाक्यापर्यंत आणि उद्या मीटरपासून घरापर्यंत जी जमिनीतली लाईन जाईल ती एचडीपीईच्या काळ्या रोलची करा, एक इंची, मधे जॉइंटच नाही आणि पाईप लवचिक, मातीसोबत हलून जातो. दोन फूट चर खोदा, खाली-वर सहा-सहा इंच रेती नाहीतर बारीक मुरूम टाका, खोदलेली तीच काळी माती पाईपाला भिडवू नका. आणि प्लिंथच्या भिंतीतून पाईप आत घेताना मोठ्या पाईपाच्या तुकड्याची बाही ठेवा, भिंत आणि पाईप एकमेकांना चिकटायला नको. एचडीपीई स्वस्तही पडतो, तर इथे मजबूत आणि कमी खर्चाचं दोन्ही एकच आहे.

बाबांच्या जीआयचं. त्यांना चूक म्हणू नका, त्यांच्या काळात प्लास्टिक नव्हतंच आणि जीआय कुदळीचा घावही झेलतो. पण बोअरच्या जड पाण्यात जीआयच्या आत क्षार बसत जातात, जस्ताचा थर गेला की गंज, आणि पंधरा-वीस वर्षांत अर्धा इंची पाईपाच्या आत पेन्सिल जाईल एवढीच जागा राहते. तुमचं पाणी बोअरचं आहे म्हणजे भिंतीत जीआय नकोच. एक जागा मात्र त्याचीच आहे. पुढे सोलर वॉटर हीटर बसवला तर उन्हाळ्यात त्याचं पाणी उकळीच्या जवळ जाते, तिथे टाकीतून निघणारे पहिले काही फूट जीआय टाका, मिडीयम क्लास, निळ्या पट्ट्याचा, वरून इन्सुलेशन. गिझरलाही सीपीव्हीसी थेट जोडू नका, मधे धातूचा फ्लेक्सिबल पाईप घ्या, आणि गिझरचा सेफ्टी वॉल्व्ह नीट आहे की नाही ते चालू करायच्या आधी पाहा.

पिण्याच्या पाण्याची एक वेगळी लाईन किचनपर्यंत आत्ताच काढून ठेवा. पंधरा-वीस फूट सीपीव्हीसीचा खर्च आहे, पण नळाचं कनेक्शन आलं की ते पाणी थेट सिंकवर येईल, बोअरच्या टाकीत मिसळणार नाही. बोअरची आणि नळाची लाईन कुठेही एकमेकींना जोडायची नाही, मधे वॉल्व्ह असला तरी नाही, लाईट गेली, प्रेशर पडलं की एकीचं पाणी दुसरीत ओढलं जाते. आणि नळाच्या लाईनवर टुल्लू पंप लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे आणि बाजूच्या जॉइंटमधून घाण आत खेचली जाते ती वेगळी.

माल घ्यायला इतवारी-गांधीबागेत जा, तीन दुकानांत तीच यादी दाखवून भाव घ्या. यादीत नुसते पाईपाचे फूट नको, एल्बो, टी, ॲडॉप्टर, युनियन सगळ्याचे नग लिहून घ्या प्लंबरकडून, कारण छोट्या घरात फिटिंगचं बिल पाईपाच्या बिलाच्या बरोबरीला येऊन बसते आणि तिथेच माणूस गाफील असतो. नळ जिथे बसणार तिथलं फिटिंग पितळी आट्याचं घ्या, प्लास्टिकच्या आट्यात लोखंडी निप्पल घातला की ते तडकते. इथे स्वस्त पाहू नका, हे भिंतीतलं आहे. उरलेलं फिटिंग परत घेणार का ते आधीच विचारा आणि पक्कं बिल मागा. पाईपावर आयएसआयचा मार्क आणि त्याखाली सीएम/एल, म्हणजे लायसन्सचा, नंबर छापलेला असतो, तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा, खोटा असला तर तिथेच उभ्या उभ्या कळते. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ लिहिलेलं पाहिजे. पाणी पिण्याचं असेल तर लेड-फ्री आहे का तेही विचारा, पीव्हीसी पाईपात शिसं वापरण्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम काढलेले आहेत. मार्क नसलेला हलका करडा पाईप शेतावर चालतो म्हणून घरात चालेल असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

वाळवीचं औषध मारणार असाल, आणि बेशाला मारावंच लागते, तर सीपीव्हीसीवर ते थेट पडायला नको. तेलातली, सॉल्व्हंटवाली औषधं या पाईपाला आतून चिरा पाडतात, फुटतो सहा महिन्यांनी आणि दोष पाईपाला जातो. तसंच आट्यांवर सफेदा-धागा लावायची जुन्या प्लंबरांना सवय आहे, सीपीव्हीसीला फक्त टेफ्लॉन टेप. आणि एल्बो वाचवायला पाईप आगीवर तापवून वाकवत असेल तर हात धरून थांबवा.

सगळी लाईन झाली की झिऱ्या बुजवायच्या आधी सगळे नळ-पॉइंट डमी बुचाने बंद करून हाताच्या टेस्ट पंपाने प्रेशर द्या, कामाच्या प्रेशरच्या, म्हणजे उद्या बसेल त्या प्रेशर पंपाच्या, दीडपट तरी, आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर जॉइंट शोधा. प्लंबर म्हणेल टाकी भरून पाहिली ना, झालं. नाही झालं. पाव किलोवर जो जॉइंट धरतो तो उद्या प्रेशर पंपावर सुटतो. टेस्ट पंप नसेल तर भाड्याने आणा, आणि काटा तुम्ही स्वतः पाहा.

प्रश्न : ताई, आम्ही महालात राहतो, घर सासऱ्यांनी बांधलेलं, चाळीस वर्षं झाली. सगळी लाईन जीआयची. वरच्या मजल्यावर बादली भरायला पंधरा मिनिटं लागतात, सकाळी पहिले लालसर पाणी येते. मुलगा म्हणतो सगळं फोडून नवीन करू, माझ्यात आता तेवढी धूळ सहन करायची ताकद नाही. काही मधला मार्ग?
(एक वाचक, महाल)

उत्तर : काकू, फोडायची गरज नाही. जुनी लाईन भिंतीत आहे तिथेच राहू द्या, दोन्ही टोकांना बंद करून टाका. नवीन सीपीव्हीसीची लाईन बाहेरच्या भिंतीवरून क्लॅम्पवर आणा आणि प्रत्येक बाथरूममध्ये एकेक भोक पाडून आत घ्या, दोन-तीन दिवसांचं काम आहे, धूळ फक्त त्या भोकांची. आत भिंतीवर उघडा पाईप दिसेल तो टाइलच्या रंगाने रंगवला की डोळ्यांना सवय होऊन जाते. अर्धी जुनी अर्धी नवी असं जोडकाम मात्र करू नका, जुन्या पाईपाचा गंज सुटून नव्या नळांच्या जाळ्या भरत राहतात.

पण एक गोष्ट पाईपापेक्षा महत्त्वाची आहे, ती मुलाला आजच वाचून दाखवा. त्या काळातल्या कितीतरी घरांत विजेची अर्थिंग नळाच्या लोखंडी पाईपालाच बांधलेली असायची. जीआय लाईन कापून प्लास्टिकची जोडली की ती अर्थिंग तिथेच संपते, घरात लाईट चालू, फ्रीज चालू, सगळं आधीसारखंच दिसते, आणि ज्या दिवशी गिझरची नाहीतर वॉशिंग मशीनची वायर आतून उघडी पडेल त्या दिवशी शॉक बसतो. म्हणून प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंगची वायर कुठे जाते ते शोधायला सांगा. पाईपावर गेलेली निघाली तर पहिले जमिनीत वेगळं अर्थिंग करून घ्या, सोबत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवा, आणि मगच पाईपाला हात लावू द्या. खर्च पुढे ढकलायचा असेल तर पाईपाचा ढकला, याचा नको.

प्रश्न : प्लंबर हिरवा पीपीआर पाईप घ्या म्हणतो, जन्मभर लीक होणार नाही म्हणे. घेऊ का?
(एक वाचक, कामठी रोड)

उत्तर : दादा, पाईप चांगला आहे, त्यात वाद नाही. जॉइंट २६० अंशाच्या मशीनवर वितळवून एकजीव होतो. पण दोन गोष्टी विचारा. तुमच्या प्लंबरकडे स्वतःचं मशीन आहे का, आणि तीन वर्षांनी तो नसला तर तुमच्या भागात दुसरा कोण आहे. मशीनवर पाईप जास्त वेळ धरला तर आत कडं तयार होऊन तोंड अर्धं बंद होते, बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय उन्हाने हा सीपीव्हीसीच्या दुपटीहून जास्त लांबतो, म्हणून गच्चीवर नकोच. सध्याच्या तुमच्या बजेटमध्ये सीपीव्हीसी बरा.

प्रश्न : सोल्युशन लावल्यावर किती वेळाने पाणी सोडायचं? आमच्याकडे प्लंबरने तासाभरात सोडलं आणि दोन जॉइंट सुटले.
(एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : २४ तास थांबा, मग प्रेशर द्या. डब्यावर कमी वेळ लिहिला असला तरी नव्या घरात एका दिवसाची घाई कशाला. आणि जॉइंट सुटले त्याचं कारण नुसती घाई नसेल, उन्हाळ्यात काम केलं का ते पाहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाईप इतका तापलेला असतो की सोल्युशन लावून फिटिंग चढवेपर्यंतच वरून सुकून जाते, जॉइंट बसल्यासारखा वाटतो पण आत धरलेला नसतो. अशा दिवसांत जॉइंटचं काम सकाळी दहाच्या आत आटपायला सांगा, पाईप सावलीत ठेवा, सोल्युशनचा डबा ओल्या पोत्यावर, आणि झाकण प्रत्येक वेळी लावायचं. पाईप कापल्यावर आत-बाहेरचा बुरा चाकूने काढून फडक्याने पुसायचा, सोल्युशन पाईपाला आणि फिटिंगला दोन्हीकडे, घालताना पाव वेढा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, नाहीतर ते स्वतःच मागे सरकते. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर त्यात थिनर टाकून पातळ करू देऊ नका, नवीन डबा आणा.